धर्मादाय दूरचित्रवाणी जाहिराती आणि गहाळ माध्यमे

लोकहितासाठी काम करणाऱ्या संस्थेने देणगी मिळवण्यासाठी अथवा एखाद्या सामाजिक प्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी दूरचित्रवाणीवरून प्रक्षेपित केलेल्या छोट्या जाहिरातीला धर्मादाय दूरचित्रवाणी जाहिरात असे म्हणतात. दुष्काळ, युद्ध, बालकांवरील अत्याचार, प्राण्यांचा छळ असे विषय हाताळणाऱ्या या जाहिरातींपैकी अनेक जाणूनबुजून अस्वस्थ करणाऱ्या असतात. त्या पाहिलेल्या प्रेक्षकांना, विशेषतः लहानपणी पाहिलेल्यांना, त्या पुढे अनेक वर्षे आठवत राहतात. जाहिरातीची मूळ प्रत मात्र बहुधा कोणी जपून ठेवलेली नसते. एकदा प्रक्षेपित होऊन गेलेली आणि आज ज्याची प्रत उपलब्ध नाही अशी ध्वनिचित्र सामग्री ‘गहाळ माध्यम’ या नावाने ओळखली जाते. इंग्रजीतील ‘लॉस्ट मीडिया’ ही संज्ञाही मराठीत रूढ होत आहे.

या लेखात मुख्यतः ब्रिटनमधील अशा जाहिरातींचा विचार केला आहे. तेथे या प्रकाराचा इतिहास सलग मांडता येतो आणि जतनाचे प्रयत्नही संघटितपणे झाले आहेत. तुलनेसाठी बेल्जियम, अमेरिका व भारत येथील काही उदाहरणे दिली आहेत.

संज्ञा व व्याप्ती

गहाळ माध्यमांचे सर्वसाधारणपणे तीन प्रकार मानले जातात. पहिल्या प्रकारात एकही प्रत शिल्लक नाही असे समजले जाणारे साहित्य येते. दुसऱ्या प्रकारात अंशतः उरलेले साहित्य येते. उदाहरणार्थ, केवळ ध्वनी, काही स्थिरचित्रे, पटकथा किंवा वृत्तपत्रातील वर्णन. तिसऱ्या प्रकारातील साहित्य एखाद्या अभिलेखागारात सुरक्षित असते, परंतु हक्कांच्या किंवा धोरणाच्या कारणाने सामान्य वाचक-प्रेक्षकांना पाहता येत नाही. हा तिसरा प्रकार काटेकोर अर्थाने गहाळ नव्हे. तरीही ज्याला ती जाहिरात शोधायची आहे त्याच्या दृष्टीने परिणाम सारखाच असतो.

धर्मादाय जाहिरातींच्या शेजारी आणखी एक प्रकार येतो, तो म्हणजे सरकारी लोकशिक्षणपर लघुपटांचा. ब्रिटनमध्ये त्यांना ‘पब्लिक इन्फर्मेशन फिल्म’ असे म्हणत. त्यांत देणगीचे आवाहन नसते. मात्र भीती दाखवून वर्तन बदलण्याची त्यांची पद्धत पुढे धर्मादाय संस्थांनीही वापरली, म्हणून दोन्हींचा इतिहास एकत्र पाहणे सोयीचे ठरते.

ब्रिटनमधील पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये आयटीव्ही ही जाहिरातींवर चालणारी पहिली दूरचित्रवाणी सेवा २२ सप्टेंबर १९५५ रोजी सुरू झाली. टूथपेस्ट, साबण, चहा यांच्या जाहिराती तेव्हापासून घरोघरी पोहोचल्या. धर्मादाय संस्थांना मात्र नियामक मंडळाच्या नियमांनुसार पैसे भरून जाहिरात करण्यास मुभा नव्हती. ही मुभा १९८९ साली मिळाली. तत्पूर्वी अशा संस्थांना प्रक्षेपकांनी विनामूल्य दिलेल्या वेळेवर अवलंबून राहावे लागे. बीबीसीच्या नभोवाणीवर १९२६ पासून दर आठवड्याला एका सत्कार्यासाठी आवाहन करण्याची प्रथा होती. मोठ्या आपत्तींच्या वेळी अनेक संस्थांनी मिळून एकच आवाहन करावे, या हेतूने १९६३ साली डिझास्टर्स इमर्जन्सी कमिटी स्थापन झाली. तिची आवाहने बीबीसी व आयटीव्ही या दोन्ही सेवांवरून प्रक्षेपित होऊ लागली.

याच काळात सेंट्रल ऑफिस ऑफ इन्फर्मेशन या सरकारी कार्यालयाने (१९४६–२०१२) लोकशिक्षणपर लघुपटांची मोठी मालिका निर्माण केली. हे लघुपट प्रक्षेपक दोन कार्यक्रमांमधील मोकळ्या वेळात दाखवीत. त्यांचे वेळापत्रक आधी जाहीर होत नसे. त्यामुळे मुलांच्या कार्यक्रमापाठोपाठ अचानक एखादे भीतिदायक चित्र पडद्यावर येई. १९७३ सालच्या ‘लोनली वॉटर’ या लघुपटात तळी व डबकी यांच्या काठी वावरणारी, काळा अंगरखा घातलेली एक चेहराहीन आकृती आहे. खोल पाण्याजवळ खेळणाऱ्या बेसावध मुलांची ती वाट पाहते. तिला अभिनेते डोनाल्ड प्लेझन्स यांनी आवाज दिला. १९७७ सालचा ‘द फिनिशिंग लाइन’ हा जॉन क्रिश दिग्दर्शित लघुपट ब्रिटिश ट्रान्सपोर्ट फिल्म्सने शाळांमध्ये दाखवण्यासाठी केला होता. रेल्वेरुळांवर भरलेल्या शालेय क्रीडादिनात एकामागून एक मुले जखमी व मृत होतात, अशी त्याची कल्पना होती. त्यावर वाद होऊन १९७९ साली तो मागे घेण्यात आला आणि त्याच्या जागी ‘रॉबी’ हा तुलनेने सौम्य लघुपट दाखवला जाऊ लागला.

‘द फिनिशिंग लाइन’ मागे घेतला गेला, पण नष्ट झाला नाही. तो सार्वजनिक संस्थेच्या मालकीचा होता, चित्रपटफितीवर होता आणि पुढे ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटमार्फत रसिकांना पुन्हा पाहता आला. १९८९ नंतर निघालेल्या धर्मादाय जाहिरातींना असा एक ठरलेला मालक आणि एक ठरलेले कोठार क्वचितच मिळाले.

धक्का देण्यामागील विचार

अस्वस्थ करणाऱ्या जाहिरातींमागे मानवी स्वभावाविषयीचे एक निरीक्षण आहे. हजारो लोकांच्या दुःखाच्या आकड्यापेक्षा एका व्यक्तीचे दुःख मनाला अधिक भिडते. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन व पॉल स्लोव्हिक या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहभागी व्यक्तींना पाच डॉलर देऊन त्यांतील हवी तितकी रक्कम एका बालकल्याण संस्थेला देण्याची संधी दिली होती. आफ्रिकेतील अन्नटंचाईची केवळ आकडेवारी वाचलेल्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले. माली देशातील एका सात वर्षांच्या मुलीचे छायाचित्र व माहिती पाहिलेल्यांनी २.३८ डॉलर दिले. मुलीची माहिती व आकडेवारी दोन्ही एकत्र दिल्यावर मात्र सरासरी १.४३ डॉलरवर आली. म्हणजे आकडे जोडल्याने करुणा वाढण्याऐवजी घटली. जाहिरातकारांना हे अनुभवाने आधीच ठाऊक होते. म्हणूनच त्यांच्या पडद्यावर बहुधा एकच चेहरा असतो, आणि तो बहुधा मुलाचा असतो.

या पद्धतीवर टीकाही जुनीच आहे. डॅनिश लेखक योर्गेन लिस्नर यांनी १९८१ साली ‘न्यू इंटरनॅशनॅलिस्ट’ या मासिकातील लेखात उपाशी मुलांची चित्रे दाखवून निधी गोळा करण्याच्या प्रथेवर कठोर शब्दांत आक्षेप घेतला. इथिओपियातील १९८४–८५ च्या दुष्काळाच्या काळात अशा चित्रांचा पूर आला. त्यानंतर १९८९ साली युरोपातील स्वयंसेवी संस्थांनी तिसऱ्या जगाच्या चित्रणासंबंधी एक आचारसंहिता स्वीकारली. दाखवल्या जाणाऱ्या माणसांची प्रतिष्ठा राखावी आणि त्यांना केवळ दयेचे विषय बनवू नये, असा तिचा आशय होता. ब्रिटनमध्ये धर्मादाय जाहिरातींना पडदा खुला झाला तो याच वर्षी.

देशांतर्गत प्रश्नांवरील जाहिरातींनी वेगळा मार्ग शोधला. बालकांवरील क्रौर्याला प्रतिबंध करणाऱ्या एनएसपीसीसी या जुन्या ब्रिटिश संस्थेने मार्च १९९९ मध्ये ‘फुल स्टॉप’ ही मोहीम सुरू केली. तिच्या जाहिरातीत अत्याचार प्रत्यक्ष दिसत नाही. मुलांच्या खोलीतील खेळणी आणि भिंतीवरील प्रसिद्ध व्यक्तींची चित्रे हातांनी डोळे झाकून घेतात आणि पार्श्वभूमीला मोठ्या माणसाचा आवाज ऐकू येतो. याच संस्थेच्या २००२ सालच्या जाहिरातीत खऱ्या घरातील खरा बाप एका व्यंगचित्रातील मुलाला मारहाण करतो. प्रत्येक आघातानंतर ते चित्रमूल विनोदी चित्रपटातल्याप्रमाणे पुन्हा उभे राहते. शेवटी जिन्याच्या पायथ्याशी निपचित पडलेले मूल मात्र चित्रातले नसून खरे असते. खरी मुले अशी उसळी मारून उठत नाहीत, एवढाच तिचा संदेश होता.

या दोन जाहिराती विस्मृतीत गेल्या नाहीत, कारण त्यांची वृत्तपत्रांत चर्चा झाली आणि जाहिरातक्षेत्राने त्यांना नमुनेदार मानले. गाजलेल्या किंवा पुरस्कारांच्या स्पर्धेत उतरलेल्या जाहिरातीची प्रत कोठे ना कोठे उरते. याउलट एखाद्या लहान संस्थेने रात्री उशिरा, स्वस्त वेळेत, काही आठवडे दाखवलेली साधी जाहिरात मागे काही ठेवून जात नाही.

बेल्जियममधील स्मर्फ जाहिरात

जाहिरात कशामुळे टिकते आणि कशामुळे दुर्मीळ होते, हे समजण्यास युनिसेफच्या बेल्जियम शाखेची २००५ सालची जाहिरात उपयुक्त आहे. स्मर्फ ही बेल्जियन चित्रकार पेयो यांनी १९५८ साली निर्माण केलेली निळ्या बुटक्यांची पात्रे आहेत. मुलांच्या कित्येक पिढ्या त्यांच्यासोबत वाढल्या. पंचवीस सेकंदांच्या या जाहिरातीच्या आरंभी स्मर्फ एकमेकांचे हात धरून गात नाचत असतात. भोवती छत्र्यांच्या आकाराची घरे, पक्षी आणि ससे असतात. कोणतीही पूर्वसूचना न मिळता आकाशातून बॉम्ब पडू लागतात. घरे पेटतात, पात्रे सैरावैरा धावतात आणि कोसळतात. अखेरच्या दृश्यात निश्चल देहांच्या मध्ये एकटे बसलेले, फाटक्या कपड्यांतील स्मर्फ बाळ रडत असते. युद्धाने मुलांचे आयुष्य उद्ध्वस्त होऊ देऊ नका, या अर्थाचे वाक्य त्यानंतर पडद्यावर उमटते.

बुरुंडीतील माजी बालसैनिकांच्या पुनर्वसनासाठी निधी जमवणे हा जाहिरातीचा उद्देश होता. दूरदेशीच्या युद्धांची नेहमीची चित्रे पाहून प्रेक्षक बधिर झाले आहेत, म्हणून त्यांच्या स्वतःच्या बालपणावरच आघात करावा, असा विचार तिच्यामागे होता. पेयो १९९२ साली निवर्तले होते. त्यांच्या कुटुंबाने या वापरास मान्यता दिली. जाहिरात संस्थेची मूळ कल्पना याहून उग्र होती, ती सौम्य करण्यात आली. रात्री नऊच्या आधी ही जाहिरात दाखवायची नाही, अशी अट घातलेली होती.

तरीही ती मुलांपर्यंत पोहोचलीच. मोहिमेआधी बेल्जियमच्या संध्याकाळच्या मुख्य बातम्यांत तिची झलक दाखवली गेली आणि योगायोगाने ती पाहिलेली लहान मुले घाबरून रडू लागली. बातमी जगभर गेली. अनेक देशांतील लोकांना ही जाहिरात बातमीतील वर्णनातून आणि काही सेकंदांच्या तुकड्यांतूनच ठाऊक झाली. इथे एक विलक्षण गोष्ट दिसते. पैसे भरून केलेले प्रक्षेपण एका लहान देशापुरते आणि रात्रीच्या वेळेपुरते मर्यादित होते. जाहिरातीची आठवण टिकवली ती बातम्यांनी, कारण बातम्यांचे चित्रीकरण नियमितपणे साठवले जाते. वाद झाला नसता तर ती तितकीच अस्वस्थ करणारी असूनही फार थोड्यांच्या लक्षात राहिली असती.

गहाळ होण्याची कारणे

दूरचित्रवाणी सामग्री नाहीशी होण्यामागे क्वचितच कोणाचा गुप्त हेतू असतो. बहुतेक वेळा कारणे साधी, व्यावहारिक व आर्थिक असतात.

फितीची किंमत : अँपेक्स कंपनीने १९५६ साली दोन इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर चित्रमुद्रण करणारे यंत्र बाजारात आणले. या फिती महाग होत्या आणि त्या पुसून पुन्हा वापरता येत. त्यामुळे जुने चित्रण पुसणे ही काटकसर समजली जाई. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या लोकप्रिय मालिकेचे नव्वदहून अधिक भाग या धोरणामुळे उपलब्ध नाहीत. अपोलो ११ च्या चांद्रमोहिमेतील मूळ दूरमापन फितीही पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, या निष्कर्षाप्रत नासा २००९ साली आली. मानवाच्या चंद्रावरील पहिल्या पावलाची ही गत, तर तीस सेकंदांच्या आवाहनाची काय कथा!

मालकीची संदिग्धता : जाहिरातीत संस्था, जाहिरात कंपनी, निर्मितीगृह आणि प्रक्षेपक असे अनेक पक्ष असतात. प्रक्षेपकाला ती केवळ ठरलेल्या वेळी दाखवायची असते. साठवण्याचे कर्तव्य आपले आहे असे कोणालाच वाटत नाही. कंपन्यांचे विलीनीकरण किंवा कार्यालयाचे स्थलांतर झाले की कपाटातील डबे टाकून दिले जातात.

अनेक प्रती, पण एकही कायमची नाही : आयटीव्ही ही प्रादेशिक कंपन्यांची मिळून बनलेली सेवा होती. जाहिरातीच्या प्रती वेगवेगळ्या प्रदेशांना पाठवल्या जात. मोहीम संपली की त्या निरुपयोगी ठरत. काही जाहिराती एकाच प्रदेशात दाखवल्या जात, त्यामुळे त्या पाहिलेल्या लोकांची संख्याही मर्यादित असे.

मुदतीचे हक्क : कलाकार, संगीत आणि निवेदकाचा आवाज यांचे हक्क ठरावीक मुदतीपुरते घेतलेले असतात. मुदत संपल्यावर संस्थेला ती जाहिरात पुन्हा दाखवता येत नाही, मग ती जपण्याचे कारणही उरत नाही.

संस्थेची बदललेली भूमिका : पूर्वीच्या जाहिरातींतील दयनीय चित्रणाविषयी संस्थेला पुढे संकोच वाटू लागतो. अशा वेळी जुनी जाहिरात प्रसिद्धीपासून दूर ठेवली जाते. कोणी ती मुद्दाम नष्ट करत नाही, पण कोणी ती जपतही नाही.

घरगुती मुद्रणातील वगळ : जेव्हीसी कंपनीने १९७६ साली व्हीएचएस पद्धत आणल्यावर लोक घरी कार्यक्रम मुद्रित करू लागले. फीत वाचवण्यासाठी पुष्कळ जण जाहिराती सुरू होताच मुद्रण थांबवीत. जे घाईत किंवा आळसाने थांबवायला विसरले, त्यांच्या फितींवर आज सर्वांत मौल्यवान साठा सापडतो.

स्मरण आणि पुरावा

प्रत उपलब्ध नसली की जाहिरातीचे अस्तित्व केवळ आठवणींवर टिकते. बालपणीच्या भीतीची आठवण तीव्र असते, परंतु तिचा तपशील अचूक असतोच असे नाही. दोन वेगळ्या जाहिराती मनात एकत्र होतात. संस्थेचे नाव बदलते, रंग गडद होतात, शांत संगीत भेसूर होते. रात्री उशिरा अर्धवट झोपेत पाहिलेले दृश्य प्रत्यक्षापेक्षा लांबते. अशी आठवण अनेकांनी एकमेकांना सांगितली की तिला सामूहिक रूप येते आणि मूळ जाहिरातीपेक्षा वेगळी अशी एक कथा तयार होते.

म्हणून एखाद्या व्यक्तीला जाहिरात आठवते एवढ्यावरून ती तशीच होती असे म्हणता येत नाही. आठवण हा शोधाचा आरंभ असतो. तिला छापील कार्यक्रमपत्रिका, व्यवसायविषयक नियतकालिके, संस्थेचे वार्षिक अहवाल, नियामकांकडे आलेल्या तक्रारींचे निर्णय यांची जोड मिळाली की ती पुरावा बनू लागते. तक्रारींवरील निर्णय विशेष उपयोगी पडतात, कारण त्यांत जाहिरातीतील दृश्यांचे तटस्थ वर्णन असते. ज्या प्रेक्षकाला जाहिरात बंद व्हावी असे वाटत होते, त्याच्या तक्रारीमुळेच पुष्कळदा तिची नोंद उरते.

जुनी जाहिरात म्हणून मुद्दाम बनवलेली बनावट चित्रणेही आढळतात. फितीवरील ओरखडे, धूसर रंग व अडखळता आवाज आज संगणकावर सहज निर्माण करता येतो. त्यामुळे चित्रणाच्या रूपापेक्षा ते कोठून आले, कोणत्या फितीवर होते आणि त्याच्या आगेमागे काय होते, या प्रश्नांना अधिक महत्त्व दिले जाते.

शोध व कालनिश्चिती

सापडलेल्या जाहिरातीवर बहुधा तारीख नसते. धर्मादाय जाहिरातींत मात्र कालनिश्चितीला मदत करणारी एक गोष्ट हमखास असते, ती म्हणजे देणगीसाठी दिलेला दूरध्वनी क्रमांक. लंडनचा ०१ हा संकेतांक १९९० साली बदलून त्याचे ०७१ व ०८१ असे दोन भाग करण्यात आले. १६ एप्रिल १९९५ रोजी देशभरातील संकेतांकांत एक हा अंक वाढवला गेला आणि ते ०१७१ व ०१८१ झाले. २००० साली संपूर्ण लंडनसाठी ०२० हा संकेतांक लागू झाला. त्यामुळे पडद्यावर लंडनमधील ०७१ ने सुरू होणारा क्रमांक दिसल्यास ती जाहिरात १९९० ते १९९५ या काळातील असल्याचे अनुमान करता येते. शेजारच्या जाहिराती, पुढील कार्यक्रमाची घोषणा, वाहिनीचे बोधचिन्ह आणि बातम्यांतील घटना यांवरून हा काळ आणखी नेमका करता येतो. म्हणूनच फितीवरील एकच जाहिरात कापून घेऊन बाकीचे टाकून देणे अभ्यासकांना अयोग्य वाटते.

ब्रिटनमध्ये जाहिरातींच्या जतनासाठी १९७६ साली हिस्टरी ऑफ ॲडव्हर्टायझिंग ट्रस्ट ही संस्था स्थापन झाली. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या राष्ट्रीय अभिलेखागारातही दूरचित्रवाणी जाहिरातींचा संग्रह आहे. अमेरिकेत खाजगी जिद्दीचे एक असाधारण उदाहरण घडले. फिलाडेल्फिया येथील ग्रंथपाल व कार्यकर्त्या मॅरियन स्टोक्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१२ साली निधन होईपर्यंत दूरचित्रवाणीवरील बातम्यांचे अखंड मुद्रण केले. त्यांच्या मागे सुमारे ७०,००० फिती उरल्या आणि त्या इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेकडे सोपवण्यात आल्या. त्यांचा रोख बातम्यांवर होता. पण त्यांनी मुद्रण थांबवले नाही, म्हणून बातम्यांच्या मधल्या जाहिरातीही त्या फितींवर आपोआप साठल्या.

चुंबकीय फीत अमर नसते. दमट हवेत तिच्यावर बुरशी येते, चुंबकीय थर सुटू लागतो, आणि ती चालवणारी यंत्रे व त्यांचे सुटे भाग मिळेनासे होतात. त्यामुळे माळ्यावर पडलेल्या फितींचे अंकीकरण हे काळाशी चाललेले काम आहे.

दाखवलेल्या व्यक्तींचा हक्क

गहाळ जाहिरात सापडली की ती सर्वांना खुली करावी, असे शोधकांना स्वाभाविकपणे वाटते. धर्मादाय जाहिरातींच्या बाबतीत मात्र एक अधिकचा प्रश्न उभा राहतो. पडद्यावरील उपाशी, आजारी किंवा जखमी मूल पुष्कळदा अभिनेता नसते. त्या चित्रणास संमती कोणी दिली, कोणत्या कामासाठी दिली आणि किती काळासाठी दिली, याची नोंद जाहिरातीबरोबर उरत नाही. ते मूल आज प्रौढ असू शकते. आपल्या आयुष्यातील सर्वांत असहाय क्षण भीतिदायक जाहिरातींच्या यादीत करमणुकीसाठी दाखवला जावा, असे त्याला वाटेलच असे नाही.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. या जाहिराती नाहीशा झाल्या तर श्रीमंत देशांनी गरीब देशांचे कसे चित्रण केले, कोणाचे चेहरे वापरले आणि कोणते सत्य वगळले, याचा पुरावाही नाहीसा होतो. टीका करण्यासाठीसुद्धा मूळ वस्तू समोर असावी लागते. म्हणून अनेक अभ्यासकांच्या मते अशी सामग्री जपावी, परंतु ती संदर्भासह आणि आवश्यक तेथे केवळ अभ्यासासाठी उपलब्ध करावी.

अमेरिकेतील एका प्रसिद्ध जाहिरातीबाबत असा मार्ग काढण्यात आला. कीप अमेरिका ब्यूटिफुल या संस्थेच्या १९७१ सालच्या जाहिरातीत प्रदूषण पाहून अश्रू ढाळणारा एक मूलनिवासी पुरुष दाखवला होता. ती भूमिका करणारे आयर्न आइज कोडी हे प्रत्यक्षात इटालियन वंशाचे होते आणि मूलनिवासी समाजाच्या साचेबंद चित्रणाबद्दल जाहिरातीवर टीका होत राहिली. २०२३ साली संस्थेने तिचे हक्क मूलनिवासी राष्ट्रांच्या राष्ट्रीय परिषदेकडे सोपवले. तिचा वापर यापुढे ऐतिहासिक संदर्भापुरताच राहावा, असा त्यामागील हेतू होता. येथे जाहिरात गहाळ झाली नाही. तिच्यावरील अधिकार, ज्यांचे चित्रण झाले त्या समाजाकडे गेला.

भारतीय संदर्भ

भारतात दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि दूरदर्शनवर १ जानेवारी १९७६ पासून जाहिराती घेतल्या जाऊ लागल्या. महाग फिती पुन्हा वापरण्याची प्रथा येथेही होती. चित्रपटांच्या जतनासाठी १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली, परंतु दूरचित्रवाणी जाहिराती हा त्याच्या कामाचा मुख्य विषय नव्हता.

संमतीचा प्रश्न महाराष्ट्राला परिचित असलेल्या एका लोकशिक्षणपर जाहिरातीतही दिसतो. २००९ साली तयार झालेल्या गुटखाविरोधी जाहिरातीत मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात उपचार घेणारा, तोंडाच्या कर्करोगाने ग्रासलेला एक तरुण स्वतः बोलतो. २०१२ पासून चित्रपटगृहांत तंबाखूविरोधी संदेश दाखवणे सक्तीचे झाल्यावर ती देशभर परिचित झाली. तोपर्यंत त्या तरुणाचे निधन झालेले होते. इतरांनी सावध व्हावे म्हणून त्याने दिलेल्या साक्षीवर पुढे विनोद व विडंबने झाली. त्यांना आक्षेप घेण्यास तो हयात नव्हता. अशी चित्रणे जपताना ती कोणाची साक्ष आहे, कशासाठी दिली होती आणि पुढे तिचा वापर कसा झाला, एवढी नोंद प्रतीसोबत ठेवली गेली, तर भावी अभ्यासकाला जाहिरात आणि माणूस दोघेही समजू शकतील.